तोमासाबाईंकडे पाठवणी

माझी मुलगी नाहुआत्ल शिकते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी "काय?" म्हणतो, मग "अच्छा अच्छा" म्हणतो, आणि मग हळूच विचारतो, "त्यात स्कोप काय?" मी आता उत्तर तयारच ठेवलंय. म्हणते, "मेक्सिकोतली जुनी भाषा आहे. टोमॅटो, चॉकलेट हे मूळचे त्यांचे शब्द. रोज खाता ना? मग झालं तर." लोक गप्प बसतात. घरी आल्यावर तोच प्रश्न मला पडतो, तेव्हा मला गप्प करणारं कुणी नसतं.

मी विनीता. सिंगापूरला, पासिर रिसमध्ये आमचा फ्लॅट आहे. नवरा प्रबोध मरीन इंजिनियर. पूर्वी जहाजावर असायचा, आता जहाजांच्या दुरुस्त्या बघतो, म्हणजे निम्मा महिना समोरच्या बाताम बेटावरच्या ड्रायडॉकमध्ये आणि उरलेला निम्मा फोनवर. वल्लरी आमची एकुलती एक. आणि मी दर रविवारी इथल्या मराठी मुलांचा वर्ग घेते. बाराखडी, गोष्टी, म्हणी, सगळं. हसू नका. हो, लोकांच्या मुलांना मराठी शिकवते आणि माझी स्वतःची मुलगी मला इंग्रजीत उत्तर देते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरी मुक्कामाला आहे.

वर्गातल्या एका आईने एकदा विचारलं, "तुमची वल्लरी छान बोलत असेल नाही मराठी?" मी म्हटलं, "कळतं तिला सगळं." सिंगापूरमधल्या सगळ्या मराठी आया हेच म्हणतात. कळतं तिला सगळं. अहो, कळत तर दगडालासुद्धा असेल, बोलत नाही एवढंच!

ती बोलायची. पाच वर्षांची होईतो खाली प्लेग्राउंडवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी "आई, मला झोका दे ना गं" म्हणून ओरडायची. मग शाळा सुरू झाली, मैत्रिणी आल्या, आणि एक दिवस मी विचारलं "डबा खाल्लास का?" तर म्हणाली, "फिनिश ऑलरेडी." मला तेव्हा गंमत वाटली. मी प्रबोधला जहाजावर फोन करून सांगितलं, बघ कशी फाडफाड बोलते. मला काय माहीत की तिची मराठी जी गेली ती गेलीच. मी "वल्लू, मराठीत बोल" म्हणून बघितलं, रागावून बघितलं, ऐकूच आलं नाही असं सोंग घेऊन बघितलं. तिने अडखळत दोन वाक्यं बोलावीत, मी त्यातला 'तो' सुधारून 'ते' करावा, आणि तिने खांदे उडवून परत इंग्रजीवर जावं. असं चाललं होतं आमचं. इथे तिच्या तोंडी जे मराठी दिसेल ते तुम्हाला सोयीचं पडावं म्हणून मीच केलेलं, ती बोलते इंग्रजीतच.

आणि ही बया युनिव्हर्सिटीत जाऊन कुठली भाषा उचलते, तर पृथ्वीच्या पार खालच्या अंगाची! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तसं म्हटलंही. तर म्हणाली, "व्हॉट इज कळसा?"

तिचा नाहुआत्लचा वर्ग ऑनलाइन असतो, सकाळी, आमच्या जेवणाच्या टेबलावर. तिची प्रोफेसर इथली, पण ती म्हणते भाषा जिच्या तोंडात आहे तिच्याकडूनच शिकायची. म्हणून वाचन-व्याकरण युनिव्हर्सिटीत आणि बोलणं तोमासाबाईंकडे. तोमासाबाई मेक्सिकोतल्या वेराक्रूसच्या डोंगराकडच्या एका खेड्यात राहतात. वय साठच्या पुढे, दोन वेण्या, भरतकामाचा झंपर. आमच्याकडे सकाळचा चहा उकळत असतो तेव्हा त्यांच्याकडे आदल्या दिवशीची दिवेलागण झालेली असते. मागे कोंबड्या फिरतात, टर्की ओरडतात, चुलीचा धूर असतो. त्यांचा पाटा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हसूच आलं. आपलाच पाटा, पण त्याला तीन पाय फुटलेले.

मी ओट्यापाशी पोहे परतत असते आणि माझा कान त्या टेबलाकडे. कारण त्या वर्गात माझी पोर वेगळी असते. माझ्याशी बोलताना "या", "ओके", "कॅन", "लेटर लाह" असल्या सिंगापुरी तुकड्यांवर भागवणारी मुलगी तिथे लांबच लांब वाक्यं बोलते. अडकली की स्वतःवरच हसते, परत मागून सुरू करते. "पियाली" म्हणून नमस्कार करते तेव्हा मान जरा खाली घालते. आणि त्या बाईंना हाक मारते, "नोनानान."

मी एकदा न राहवून विचारलं, "म्हणजे काय गं?"

"माय मदर," ती म्हणाली, आणि मग घाईने, "इट्स जस्ट रिस्पेक्ट, आई. त्यांच्यात ओन्ली 'आई' असं नाही म्हणत. हूज मदर, ते सांगावं लागतं."

"बरं," मी म्हटलं आणि गॅस बंद केला. पोहे खाली लागले होते.

आता मी खरं सांगते. मला त्या बाईंचा मत्सर वाटायचा. त्यांनी माझं काही घेतलं नव्हतं, चांगल्या होत्या बिचाऱ्या, स्क्रीनवर मी दिसले की हात हलवायच्या. पण जी गोष्ट ऐकायला मी इतकी वर्षं कान देऊन बसले होते, ती ह्या बाईंना रोज सकाळी आयती मिळत होती. माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून, माझा चहा पीत, माझी मुलगी दुसऱ्या बाईला तिच्या भाषेत 'माझी आई' म्हणत होती. जीव तुटतो म्हणतात ना, तो असा तुटतो, फोडणी देताना.

मार्चमध्ये वल्लरी संध्याकाळी घरी आली, बूट दाराशी काढले आणि तिथेच उभी राहिली. प्रबोध घरी होता. ती म्हणाली, "आय गॉट इट. मास्टर्स. टू इयर्स. तोमासाच्या घरी राहायचं."

प्रबोधने टाळी वाजवली. "अरे वा! कॉन्ग्रॅट्स!"

मी म्हटलं, "वा काय वा? दोन वर्षं? त्या डोंगरात?"

"अगं, मी नाही का नऊ नऊ महिने जहाजावर असायचो?"

"तुला कंपनी आणून सोडायची घरी. हिला कोण आणून सोडणार आहे?"

वल्लरी मग आत आली आणि तिने पुढचं सांगितलं. तिचा अभ्यासाचा विषय होता मोठ्यांचं बोलणं. त्या लोकांत जुनी रीत आहे, मूल घर सोडून निघालं, लग्नाला म्हणा, कामाला म्हणा, की घरातलं वडीलधारं माणूस त्याला समोर बसवतं आणि चार शब्द सांगतं. कसं वागायचं, कसं चालायचं, काय करायचं नाही. आणि ज्या घरी ते मूल जाणार असतं तिथलं मोठं माणूस त्याला उत्तर देतं, की आम्ही ह्याला असं असं सांभाळू. हे आता फार थोड्या लोकांना नीट येतं. तोमासाबाईंना येतं. आणि तोमासाबाईंची अट होती. त्यांच्या घरात तशी कुणाची मुलगी येत नाही. आधी तिच्या आईने शब्द द्यायचा, त्यांच्यासमोर.

"आईनेच?" प्रबोधने विचारलं.

"आईच," वल्लरी म्हणाली. "शी सेड फादर कॅन सिट."

प्रबोध मोठ्यांदा हसला. मला हसू आलं नाही. माझ्या एकदम लक्षात आलं की दाराची कडी माझ्या हातात आहे. युनिव्हर्सिटीने हो म्हटलं होतं, व्हिसाचं होत आलं होतं, बापाने टाळ्या वाजवून झाल्या होत्या. आता फक्त मी नाही म्हणायचं होतं.

पुढचे काही दिवस वल्लरी माझ्या मागे मागे होती. "आई, तू काय सांगणार ते मला आधी दे ना, सो आय कॅन प्रिपेअर."

"मला काय माहीत काय सांगायचं? तुझ्या त्या जुन्या भाषणांत काय असतं?"

तिने मोबाईलवर काढून वाचून दाखवलं. फार झोपू नकोस. पहाटे उठून अंगण झाड. रस्त्याने जाताना इकडे तिकडे बघू नकोस. फार भरभर चालू नकोस, फार रेंगाळूही नकोस. फार मोठ्याने बोलू नकोस, पुटपुटूही नकोस.

"अगं, हे तर मी तुला रोज सांगते!"

"या," ती म्हणाली, "यू आर नॅचरल." आणि हसली. किती दिवसांनी माझ्या बोलण्याला हसली ती.

मी तिला आधी काही दिलं नाही. म्हटलं, आयत्या वेळी बोलेन. खरं म्हणजे मला ठरवताच येत नव्हतं. मी इकडे आले तेव्हा मला कुणी भाषण दिलं नव्हतं. आमच्याकडे कुठे असतं तसलं? आईने मेतकुटाची पिशवी बॅगेत कोंबली, "पोचल्यावर फोन कर" म्हणाली आणि वळून आत गेली. आपल्याकडे प्रेम डब्यात भरून देतात, तोंडाने नाही सांगत.

शब्द द्यायचा दिवस आला. प्रबोध बातामला होता. मी सकाळी लवकर आंघोळ करून नारायणपेठी नेसले. वल्लरी बघतच राहिली. मी म्हटलं, "बघतेस काय? मुलीकडची आहे मी." समोर तोमासाबाईही नटून बसल्या होत्या. नवा झंपर, वेण्यांत रिबिनी. शेजारी त्यांचे यजमान, हॅट मांडीवर घेऊन. मागे मेणबत्ती आणि कसलासा धूप. अगदी बघण्याच्या कार्यक्रमासारखे सगळे अवघडून बसलो होतो.

तोमासाबाई बोलल्या. वल्लरीने मला इंग्रजीत सांगितलं, "शी सेज, आम्ही गरीब आहोत, घर छोटं आहे. शी सेज, आता तुझं ऐकायला आम्ही बसलो आहोत."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घसा साफ केला. वर्गात पालकांपुढे बोलते तसं सुरू केलं, "नमस्कार. आपण माझ्या मुलीला इतक्या प्रेमाने शिकवलंत…" वल्लरीने ते सांगितलं. बाईंनी मान हलवली. आता पुढे म्हणायचं होतं की मी हिला तुमच्या हवाली करते. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"मला हिला पाठवायचं नाहीये," मी म्हटलं. "तुम्हाला राग आला तर येऊ दे. ही पाच वर्षांची होती तेव्हा माझ्याशी माझ्या भाषेत शेवटचं धड बोलली. तेव्हापासून मी वाट बघतेय. रोज सकाळी ही तुमच्याशी बोलते आणि मी चुलीपाशी उभी राहून ऐकते. मला एक शब्द कळत नाही, तरी ऐकते. निदान आवाज तरी ऐकू येतो. आता तोही तुम्हाला हवा. मी नाही देत. माझं मन होत नाही. संपलं माझं."

वल्लरी माझ्याकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी ताप भरला की व्हायचे तसे.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं, अगं बाई, आता ही काय सांगते कुणास ठाऊक! मला नाहुआत्ल येत नाही, त्यांना मराठी येत नाही. मधे ही एकटी. हिने तिकडे सांगितलं की आईने आशीर्वाद दिला, तर कुणाच्या बापाला कळणार होतं? मी समोर बसून नुसती मान हलवत राहिले असते.

वल्लरी स्क्रीनकडे वळली. हळूहळू, थांबत थांबत बोलली. मला त्यातलं 'नोनानान' तेवढं ऐकू आलं, आणि त्या वेळी तिने बोट माझ्याकडे केलं होतं. तोमासाबाईंचा चेहरा बघता बघता उतरला. त्यांनी तोंडावर हात ठेवला. यजमानांनी मांडीवरची हॅट उगाच फिरवली. बाई थोडंसंच बोलल्या.

"शी सेज देन कॅनॉट," वल्लरी म्हणाली. तिचा आवाज नीट होता, पण हळू. "आईच्या मनात नसेल तर मुलगी आणायची नसते. शी सेज सॉरी टू यू." मग तिने त्यांना मान लववून "त्लास्कमाती" म्हटलं, म्हणजे आभार, आणि लॅपटॉप मिटला.

मी भांडणाच्या तयारीत होते. पदर खोचलाच होता म्हणा ना. पण ती उठून कप विसळायला गेली.

"वल्लू," मी म्हटलं, "तू काहीही सांगू शकली असतीस."

"नो."

"मला काय कळलं असतं?"

"यू वोन्ट नो. शी वोन्ट नो. आय विल नो, लाह." तिने कप पालथा घातला. "तोमासाचा फर्स्ट रूल आहे, आई. दुसऱ्याचं बोलणं कॅरी करताना त्यात आपलं टाकायचं नाही. त्या लोकांचं बोलणं लिहून घेताना स्पॅनिश लोकांनी त्यात आपापलं टाकलं, सो मेनी हंड्रेड इयर्स. ते मी पण करू? मग मी व्हॉट स्टडी?"

एवढं बोलून ती आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी प्रबोधचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग? जिंकलीस?"

"हो, जिंकले," मी म्हटलं. "तुला काय करायचंय?"

मला वाटलं होतं ती वर्ग सोडेल. नाही सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत. तोमासाबाई विचारत होत्या, ही उत्तरं देत होती. सगळं बरोबर, सगळं वेळच्या वेळी. फक्त अडकल्यावर ती स्वतःवर हसायची ते बंद झालं. वाक्यं आखूड झाली. माझ्याशी बोलते तशी बोलायला लागली ती, त्या बाईंशीसुद्धा. "या" आणि "ओके"ला त्यांच्यात जे काय म्हणत असतील ते. माझ्याशीही काही वाकडं नाही. "आई, आय गो फर्स्ट," म्हणून निघायची, फ्लॅटचं गेट हळू लावून घ्यायची.

मी ओट्यापाशी उभी राहून ते ऐकलं. एक सकाळ, दोन सकाळी, आठवडा. मुलगी घरातच होती. मी ठेवून घेतली होती ना! आणि मला तिचा आवाज ऐकू येईना. काय मिळवलंस विनीता, मी स्वतःला म्हटलं, डोंबल मिळवलंस! अख्ख्या घरात हिला जिथे मोकळं वाटत होतं ती एक जागा होती, तीही तू पुसून टाकलीस.

त्या शुक्रवारी मी गॅस बंद केला, हात पुसले आणि वर्ग चालू असताना सरळ जाऊन वल्लरीच्या शेजारची खुर्ची ओढली. अंगावर गाऊन, केसांना क्लिप. नटायला वेळ नव्हता आणि धीरही नव्हता.

"आई, क्लास चालू आहे."

"माहितेय. तिला सांग, मला बोलायचंय."

तोमासाबाई मक्याचे दाणे सोलत होत्या. मला बघून त्यांनी कणीस खाली ठेवलं.

"तिला विचार," मी म्हटलं, "तुम्हाला मुलगी आहे का?"

वल्लरीने विचारलं. बाई मान खाली घालून बोलल्या.

"आहे. ती मोन्तेरेला असते, बिग सिटी. रविवारी फोन करते." वल्लरी थांबली, परत ऐकलं. "स्पॅनिशमध्ये बोलते. लहानपणी शाळेत सगळे हसायचे, सो शी स्टॉप्ड. तिच्या मुलांना काहीच येत नाही. शी सेज…" वल्लरीने माझ्याकडे न बघता पुढचं सांगितलं. "शी सेज, तुझी मुलगी मला नोनानान म्हणते तेव्हा मी थोडा वेळ डोळे मिटते. ते तुझं आहे हे मला माहीत आहे. मी ते तुझ्यासमोर घेते. मला लाज वाटते, पण मी घेते."

समोर ती बाई, मांडीवर दाणे सांडलेले, माझ्याकडे बघत होती. मी रोज चुलीपाशी उभी राहून जिचा हेवा केला ती माझ्यासारखीच रित्या हाताने बसली होती. आमच्या दोघींत मिळून एकच मुलगी बोलणारी, आणि तिलाही मी गप्प केलं होतं.

"आता लिहून घेऊ नकोस, नुसतं सांग," मी वल्लरीला म्हटलं. "मी आता बोलणार आहे ते. मोठ्यांचं बोलणं."

"आई, शुअर?"

"गप्प. आणि सरळ बस."

ती सरळ बसली. मी तिच्याकडे वळले. बाईंकडे बघून मला ते जमलं नसतं.

"वल्लरी," मी म्हटलं, "ओले केस घेऊन झोपू नकोस, सर्दी होते तुला. ताटात वाढलेलं टाकू नकोस. त्यांच्याकडे पाणी लांबून आणावं लागत असेल तर दहा दहा मिनिटं शॉवर घ्यायची सवय इथेच ठेवून जा. कुणी कामाला उठलं की तूही ऊठ, मोबाईल बघत बसू नकोस. कुणाला हसू नकोस. कुणी तुला हसलं तर रडू नकोस, तूही हस आणि परत म्हण. पोट बिघडलं तर लपवू नकोस, लगेच सांग. बाईंना पाट्यावर वाटायला मदत कर, पण आधी नीट शीक, नाहीतर बोट चेचून घेशील."

एकेक वाक्य ती तिकडे पोचवत होती. तोमासाबाई मधे मधे "केमा, केमा" म्हणत मान डोलवत होत्या. त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. सर्दीच्या वाक्याला त्या खुदकन हसल्या आणि आतल्या कुणाला तरी हाक मारून त्यांनी ते परत सांगितलं.

"आणि," मी म्हटलं. हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मला वाटतं, माझ्या आईला ते म्हणवलं नसेल. "आणि तुला तिथे करमू दे. संध्याकाळ झाली की घराकडे जीव ओढ घेतो, तसा तुझा न घेवो. माझी आठवण नाही आली तरी चालेल. मला चालेल. तुला तिथे छान करमू दे."

वल्लरीने हे तिकडे सांगितलं नाही, ती माझ्याकडे वळली.

"आई," ती म्हणाली, "तुला इथे करमतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. प्रबोधनेसुद्धा नाही. आणि तिने ते मराठीत विचारलं होतं, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मी फक्त म्हटलं, "ते राहू दे. मी सांगितलं ते सांग त्यांना."

ती बाईंकडे वळली. तिला बराच वेळ लागला. एकदा थांबली, नाक पुसलं, परत सुरुवातीपासून सांगितलं. तोमासाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या उठल्या, पदरासारखी शाल होती ती डोक्यावरून घेतली, परत बसल्या आणि बोलायला लागल्या. हे नेहमीचं बोलणं नव्हतं. संथ, लयीत, एकेक गोष्ट दोन दोनदा वेगळ्या शब्दांत. हेच ते, उत्तराचं भाषण. ज्याच्यासाठी माझी पोर जग ओलांडून जाणार होती.

"शी सेज," वल्लरीने सुरू केलं, "शी विल टेक… शी विल रिसीव्ह युअर…" आणि ती अडकली. मान हलवली. "नाही. असं नाही आहे ते. इंग्लिशमध्ये नाही बसत, आई. थांब."

तिने बाईंना हाताने जरा थांबा अशी खूण केली. मग माझ्याकडे तोंड करून बसली, दोन्ही हात मांडीवर.

"ती म्हणते, तुझी लेक माझ्या चुलीपाशी बसेल. माझ्या… माझ्या पदरात बसेल. ती म्हणते, मी तिला उपाशी नाही ठेवणार. तिला ताप आली तर मी जागी राहीन. तिला काटा लागली तर मी काढीन. ती म्हणते, तू तुझा लेक मला उसना दिला आहेस, दान नाही दिला."

ताप आला. काटा लागला. लेक उसनी दिली. रविवारच्या वर्गात एवढ्या चुका कुणी केल्या असत्या तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

बाई थांबत, ती सांगे. बाई परत बोलत, ती परत सांगे. भाषण लांबलचक होतं, त्यांच्या रीतीने सगळं दोनदा म्हणायचं होतं. टेबलावर चहा गार झाला. मी देवाला म्हटलं, ह्या बाईंना थांबवू नकोस, अजून काही तरी सुचू दे ह्यांना, पाऊसपाण्याचं, कोंबड्यांचं, काहीही. कारण त्या बोलत होत्या तोवर माझी मुलगी माझ्याशी मराठीत बोलत होती.